नवी लक्झरी स्पोर्ट्स सेडान: मालकाला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी गाडीची जुजबी ओळख. चार दरवाजे, दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, सोबत इंजिनाला छोट्या मोटरचा हातभार देणारी ४८ व्होल्टची माइल्ड हायब्रिड यंत्रणा, आठ गिअरचा ऑटोमॅटिक, ताकद मागच्या चाकांना, ॲडॅप्टिव्ह डॅम्पर (गरजेप्रमाणे कडक-मऊ होणारे शॉक ॲब्झॉर्बर) आणि १८ इंची चाकं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव आलं की प्रश्न बाजूला राहतात आणि ब्रँडवरून जुंपते. शिवाय खाली लिहिलंय त्यातलं बहुतेक सगळं या वर्गातल्या कुठल्याही गाडीला लागू पडतं.

एका वाक्यात सांगा, कशी आहे?

सावकाश चालवतानाही आपण गाडी चालवतोय हे जाणवतं. माझ्या लेखी स्पोर्ट्स सेडानची खरी परीक्षा हीच.

म्हणजे वेगाला महत्त्व नाही?

आहे, पण लोक समजतात तितकं नाही. साधारण अडीचशे हॉर्सपॉवर आणि ४०० न्यूटन मीटर टॉर्क (फिरवणारा जोर) असला की गाडी शून्यापासून शंभरला सहा सेकंदांच्या आतबाहेर पोचते. यातला टॉर्कचा आकडा रोज उपयोगी पडतो, कारण टर्बोमुळे तो दीड-दोन हजार आरपीएमपासूनच (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) हाताशी असतो. ट्रकला ओव्हरटेक करायचं ठरवलं, पाय थोडा दाबला, की काम झालं. हॉर्सपॉवरचा आकडा खरा ठरवायचा तर इंजिन लाल पट्ट्याजवळ, म्हणजे फेऱ्यांच्या कमाल मर्यादेपाशी न्यावं लागतं, आणि तिथे तुम्ही दिवसातून किती वेळा जाता?

या वर्गाचं टोक आज फार पुढे गेलंय. बीएमडब्ल्यूची पहिली एम ५ आली १९८५ मध्ये, साडेतीन लिटरच्या सहा सिलिंडर इंजिनातून २८६ हॉर्सपॉवर घेऊन, आणि तेव्हा तो आकडा चार दरवाजांच्या गाडीसाठी अचाट होता. २०२४ मध्ये आलेली नवी एम ५ प्लग-इन हायब्रिड आहे, म्हणजे पेट्रोल इंजिनासोबत बाहेरून चार्ज होणारी बॅटरी. तिची ताकद सातशेच्या वर आणि टॉर्क १००० न्यूटन मीटर, पण वजनही २४०० किलोच्या वर. मर्सिडीजने सी ६३ मधला आठ सिलिंडरचा मोठा धूड काढून दोन लिटरचं चार सिलिंडर इंजिन आणि मागे इलेक्ट्रिक मोटर दिली. कागदावर ती आधीच्यापेक्षा कितीतरी ताकदवान, तरी जुने चाहते रुसलेच. आकडे वाढले म्हणून मजा वाढतेच असं नाही, हे त्या रुसण्यावरून कळतं. बहुतेकांनी या वर्गातलं मधलं इंजिन घ्यावं आणि वाचलेले पैसे डॅम्परवर घालवावेत, असं मी सगळ्यांना सांगतो. बहुतेक जण ऐकत नाहीत.

१९ इंची चाकं दिसायला भारी असतात. १८ का घेतली?

गाडी पसंत पडणार की वर्षभरात डोक्याला ताप होणार, हे ठरवणारा सगळ्यात मोठा पर्याय हाच. यादीत मात्र तो रंगाच्या शेजारी, सजावटीच्या वस्तूसारखा बसवलेला असतो.

टायरच्या कडेवरचा आकडा वाचा. २२५/५० आर १७ म्हणजे टायरची रुंदी २२५ मिलिमीटर, त्याची भिंत रुंदीच्या ५० टक्के आणि रिम १७ इंची. भिंत झाली सुमारे ११२ मिलिमीटर. २२५/४५ आर १८ मध्ये ती १०१ वर येते आणि २२५/४० आर १९ मध्ये ९० वर. तिन्ही टायर बाहेरून जवळपास सारख्याच व्यासाचे, ६६० मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे रिम मोठी झाली ती रबर आणि हवा कमी करून. खड्ड्याची धार पहिल्यांदा झेलते ती हीच भिंत. ती सव्वादोन सेंटिमीटरने कमी झाली की तोच धक्का रिमला, मग सस्पेंशनला आणि शेवटी तुमच्या पाठीला जातो. रिमला बाक येणं, टायरच्या कडेला फुगा येणं हे प्रकार या वर्गात सर्रास होतात ते याचमुळे. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही. आतले धागे तुटलेले असतात. तो टाकूनच द्यावा लागतो.

लहान भिंतीचा फायदा खरा आहे: वळणावर टायर कमी लवतो, स्टेअरिंगला प्रतिसाद लवकर मिळतो. पण १८ वरून १९ ला जाताना मिळतो तो फायदा जेमतेम बोटभर आणि त्रास रोजचा. एकाच शोरूममध्ये मी दोन्ही चाकांवरची गाडी एकामागून एक, त्याच खराब पट्ट्यावरून चालवून पाहिली. तेवढ्यावर निर्णय झाला.

आणखी एक भानगड. बऱ्याच गाड्यांत मोठ्या चाकांबरोबर मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद येतात. दिसतात झकास. पण मग पुढचे मागे, मागचे पुढे अशी अदलाबदल करता येत नाही आणि मागची जोडी लवकर संपते. माझे चारही एकाच मापाचे आहेत. चारही चाकांना ताकद देणारी गाडी घेणार असाल तर अजून एक लक्षात ठेवा: चारही टायरची झीज साधारण सारखी लागते. एकच टायर फाटला तरी कधीकधी दोन किंवा चार बदलायची वेळ येते.

मोड कुठला लावता? स्पोर्टच ना?

स्पोर्ट मोड हा शोरूममधून बाहेर पडल्यावरच्या पहिल्या आठवड्याचा मोड आहे. तो लावला की ॲक्सिलरेटर तिखट होतो, गिअर उशिरा वर जातो, डॅम्पर आवळतात आणि स्टेअरिंग जड होतं. जड म्हणजे जास्त बोलकं नव्हे, नुसतंच जड. मी वैयक्तिक मोडमध्ये इंजिन स्पोर्टला, स्टेअरिंग आणि डॅम्पर कम्फर्टला ठेवलेत आणि गिअरबॉक्स साध्या डीमध्ये. तुमच्या गाडीत असं वेगवेगळं लावता येतं का, हे घेण्याआधी विचारा. काही गाड्यांत तीन तयार संच असतात आणि त्यातलाच एक घ्यावा लागतो. तसं असेल तर मी ती गाडी घेणार नाही.

चालवताना नेमका फरक कुठे जाणवतो?

ब्रेकच्या पेडलमध्ये, आणि तेही लाल दिव्यापाशी थांबताना. चांगल्या ब्रेकमध्ये पेडल वरच्या सेंटिमीटरभरातच पकड घेतं, तिथून पुढे पायाच्या जोराप्रमाणे ब्रेक वाढत जातो, आणि शेवटच्या क्षणी पाय किंचित उचलला की गाडी मान न हलवता थांबते. हल्ली बऱ्याच गाड्यांत पेडल आणि ब्रेकचं तेल यांच्या मध्ये संगणक असतो. २०१६ मध्ये विक्रीला आलेल्या अल्फा रोमिओ ज्युलियापासून हा प्रकार पेट्रोल सेडानमध्येही ठळक झाला. हायब्रिडमध्ये तर बॅटरी भरणारा ब्रेक आणि डिस्कचा ब्रेक यांचा सांधा जुळवावा लागतो. ज्यांना तो जमला नाही त्यांची गाडी ताशी दहा-पंधराच्या वेगात अडखळत थांबते. टेस्ट ड्राइव्हला सगळे जोरात पळवून बघतात. मी म्हणेन, वीस वेळा हळू थांबवून बघा.

दुसरी जागा स्टेअरिंग. इलेक्ट्रिक मदतीच्या स्टेअरिंगवर लोक सरसकट नाराज असतात, आणि जुन्या हायड्रॉलिक स्टेअरिंगमधून रस्त्याची जी कुजबुज हाताला कळायची ती कमी झालीय हे खरंच. तरी सरळ रस्त्यावर मधोमध असताना पोकळपणा नाही, वळायला लागल्यावर वजन हळूहळू चढतं आणि वळण संपताना ते सुटताना कळतं, एवढं मिळालं तरी माझं भागतं.

तिसरी जागा मागची चाकं. गाडी वळणातून बाहेर पडताना पुढची चाकं फक्त दिशा बघतात आणि ढकलायचं काम मागून होतं. हे कळायला वेग लागत नाही. गोल चौकात ताशी तीस-चाळीसलाही कळतं. स्पोर्ट्स सेडान हा प्रकार टिकला तो अशा गोष्टींवर. १९५९ च्या जॅग्वार मार्क २ मध्ये ३.८ लिटरचं इंजिन मिळायचं, आणि तेव्हापासून सूत्र तेच आहे: घरच्यांना बसायला जागा आणि चालवणाऱ्याला काहीतरी काम.

आवाज खरा की स्पीकरमधला?

दोन्ही. युरोपात २०१८ च्या सुमारास पेट्रोल गाड्यांच्या एक्झॉस्टमध्येही सूक्ष्म कण अडवणारा फिल्टर आला आणि आवाजाची धार बोथट झाली. कसर भरून काढायला केबिनमधल्या स्पीकरमधून इंजिनाचा आवाज वाढवतात. माझ्या गाडीत तो बंद करता येतो. मी बंद केलाय. मागे उरतो तो चार सिलिंडरचा साधा, कामसू आवाज. सहा सिलिंडरच्या सरळ इंजिनाचं रेशमी गाणं हवं असेल तर तेच घ्या. चारमध्ये ते शोधू नका.

मागच्या सीटवर माणसं बसतात का?

दोघं आरामात. तिसरा माणूस मध्ये बसला की पायाशी मोठा उंचवटा येतो, कारण मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट त्याखालून जातो. गाडी खाली आहे, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्या माणसाला चढण्यापेक्षा उतरणं जड जातं. हे घेण्याआधीच बघायला हवं, आणि त्याच माणसाला बसवून-उतरवून बघायला हवं. डिकी खोल आहे पण तोंड अरुंद. मोठी बॅग मावते, मोठा चौकोनी खोका अडकतो.

नवी असताना जपून चालवायची असते का, की ते जुनं झालं?

जपून म्हणजे रांगत नव्हे. पहिले साधारण २००० किलोमीटर आरपीएम वरखाली बदलत ठेवा, थंड इंजिनावर जोर देऊ नका, पूर्ण थ्रॉटल आणि लाल पट्टा टाळा. बीएमडब्ल्यूच्या एम गाड्यांना तर २००० किलोमीटरला इंजिन आणि डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणारा गिअरसंच) यांचं तेल बदलणारी खास पहिली सर्व्हिस असते, कारण गिअरचे दात एकमेकांवर बसताना सुटणारा धातूचा चुरा तेलात उतरतो. टायर आणि ब्रेकलाही सुरुवातीचे काही शे किलोमीटर पूर्ण पकड नसते, हे विसरून पहिल्याच दिवशी करामती करणारे भेटतात. त्यांना देवच तारो.

ॲव्हरेज किती?

शांत हायवेवर लिटरला पंधरा-सोळा. गर्दीत नऊ-दहा. आठव्या गिअरमध्ये शंभरच्या वेगाला इंजिन दोन हजार आरपीएमच्या आतच फिरत असतं, म्हणून हायवेचा आकडा या ताकदीच्या मानाने चांगला येतो. पाय हलका नसेल तर दोन्ही आकडे विसरा.

महागडं, जास्त ऑक्टेनचं पेट्रोल टाकावंच लागतं का?

पेट्रोलच्या झाकणाच्या आत लिहिलेलं असतं ते वाचा. तिथे किमान आणि शिफारस असे दोन आकडे असतील तर त्यांत फरक आहे. टर्बो इंजिनात हवा दाबून भरलेली असते, त्यामुळे ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच उरलेलं मिश्रण आपोआप पेटायचा धोका जास्त; जास्त ऑक्टेनचं पेट्रोल असं सहज पेटत नाही. नॉक सेन्सर त्या पेटण्याचा ठोका ऐकतो आणि ठिणगी थोडी उशिरा द्यायला लावतो. इंजिन वाचतं, पण ताकद आणि ॲव्हरेज दोन्ही किंचित घटतात. किमान आकड्याच्या खाली कधीच जाऊ नका. शिफारशीपेक्षा वरचं टाकून मात्र काहीही मिळत नाही, मनाचं समाधान सोडून.

स्टेपनी आहे का?

नाही. या वर्गात बहुतेकांनी ती काढून टाकलीय. त्याजागी एक तर पंक्चर बुजवणाऱ्या द्रवाची बाटली आणि हवेचा पंप मिळतो, नाहीतर रनफ्लॅट टायर. रनफ्लॅटची भिंत इतकी कडक असते की हवा गेल्यावरही ताशी ८० च्या आत साधारण ८० किलोमीटर जाता येतं. पण तोच कडकपणा एरवी पाठीला लागतो. मी साधे टायर आणि बाटली असलेला पर्याय घेतला आणि लांबच्या प्रवासाला डिकीत बारीक स्टेपनी टाकतो. टायरची भिंत फाटली तर बाटलीचा काही उपयोग नाही, हे विक्रेते सांगत नाहीत.

स्क्रीन आणि त्या सगळ्या सूचनांचा त्रास होतो का?

होतो. गाडीतल्या एकमेव गोष्टीवर मी खरंच वैतागतो तर ती हीच. एसीचं तापमान बदलायला आधी स्क्रीनच्या खालच्या पट्टीवर बोट, मग सरकवायची रेघ, आणि रस्ता खडबडीत असेल तर बोट भलत्याच जागी. एकदा तर चालू गाडीत स्क्रीन काळी पडली, मागचा कॅमेरा आणि एसी दोन्ही गेले आणि गाडी बंद करून पुन्हा चालू केल्यावरच परत आले. सर्व्हिस सेंटरने सॉफ्टवेअर बदलून दिलं, कारण मात्र धड सांगितलं नाही.

हा त्रास एकट्याचा नाही. युरो एनसीएपी या सुरक्षा चाचण्या घेणाऱ्या संस्थेने २०२६ पासून पूर्ण गुण हवे असतील तर इंडिकेटर, हॅझर्ड दिवे, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन कॉल यांना खरीखुरी बटणं किंवा दांडे असावेत अशी अट घातलीय. एसी त्यात नाही, पण वारं फिरतंय. दुसरीकडे युरोपीय संघात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या गाडीत वेगमर्यादा ओलांडली की सावध करणारी यंत्रणा सक्तीची आहे, आणि बंद केली तरी पुढच्या वेळी गाडी सुरू करताना ती पुन्हा जागी होते. पाटी चुकीची वाचली तरी टुणटुण चालूच. ती आणि लेन सांभाळणारी यंत्रणा एका बटणाने बंद करायची सोय तुमच्या गाडीत आहे का, हा प्रश्न टेस्ट ड्राइव्हलाच विचारा.

पैसे भरून सुविधा चालू करण्याचा प्रकारही तपासून घ्या. २०२२ मध्ये बीएमडब्ल्यूने काही देशांत गरम सीटसाठी मासिक शुल्क लावलं, लोकांनी झोडपलं, पुढच्याच वर्षी कंपनीने ते मागे घेतलं. सीटचं प्रकरण मिटलं तरी नकाशे, रिमोट सेवा यांची मुदत संपते ती संपतेच. कुठली सेवा किती वर्षांची, हे लेखी घ्या.

देखभालीत काय वेगळं करता?

गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या अंतराच्या निम्म्यावरच इंजिनाचं तेल बदलतो. टर्बोचा दांडा तेलावरच फिरतो आणि आरपीएम लाखाच्या वर जातात. तिथे जुनं तेल नको. बऱ्याच गाड्यांत तेल मोजायची पट्टीच नसते, पातळी स्क्रीनवर बघावी लागते, तीही इंजिन गरम आणि गाडी सपाटीवर असताना. जोरात पळवून आल्यावर लगेच इंजिन बंद करत नाही, शेवटचे दोन-तीन किलोमीटर सावकाश येतो.

थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनांत एक जुनी खोड असते: आत येणाऱ्या हवेच्या व्हॉल्व्हवर पेट्रोल पडतच नाही, त्यामुळे तिथे काजळी साचते. टोयोटासारख्या कंपन्या काही इंजिनांत सिलिंडरमध्ये आणि व्हॉल्व्हच्या आधी अशा दोन्ही जागी इंजेक्टर देऊन हे टाळतात. बाकीच्यांनी बराच पल्ला झाल्यावर व्हॉल्व्ह साफ करून घ्यायची तयारी ठेवावी. पेट्रोलमध्ये घालायच्या बाटल्यांनी ती काजळी जात नाही, कारण पेट्रोल तिथपर्यंत पोचतच नाही.

एवढ्या पैशांत मोठी एसयूव्ही आली असती. किंवा इलेक्ट्रिक.

एसयूव्ही आली असती. उंच बसायला मिळालं असतं, गतिरोधकावर पोट घासायची भीती गेली असती. पण उंच गाडीला वळणावर झुकू द्यायचं नाही तर स्प्रिंग आणि डॅम्पर कडक करावे लागतात, आणि मग ती उंचही आणि आदळणारीही होते.

इलेक्ट्रिकचं उत्तर इतकं सोपं नाही. २०१२ च्या टेस्ला मॉडेल एस नंतर सरळ रेषेतल्या वेगात पेट्रोल सेडानने हरायला सुरुवात केली, आणि २०१९ मध्ये आलेल्या पोर्शा टायकानने ८०० व्होल्टची यंत्रणा आणि मागच्या मोटरला दोन गिअर देऊन दाखवलं की स्टेअरिंग आणि ब्रेकची जाणही इलेक्ट्रिकमध्ये राखता येते. बॅटरी तळाशी असल्याने गुरुत्वमध्यही खाली जातो. घरी चार्जिंगची सोय असेल आणि रोजचं अंतर ठरलेलं असेल तर मी आज इलेक्ट्रिककडे झुकेन. मला अडवलं ते वजनाने. जड गाडी पकड दाखवते, पण दिशा बदलताना तिचा विचार करायला लागतो, आणि टायर तर ती भराभर खाते.

चाकं सारखी काळी का होतात? ब्रेक खराब आहेत का?

नाहीत. या गाड्यांचे पॅड चावरे असतात, आणि त्यांची व डिस्कची भुकटी रिमवर बसते. पुढच्या चाकांवर जास्त, कारण ब्रेकचा बराचसा भार पुढे येतो. थंड ब्रेक सकाळी किंचाळतातही. भुकटी ओली राहून सुकली की रिमच्या रंगात रुतते, म्हणून चाकं गरम असताना धुऊ नका आणि ॲसिड असलेला क्लीनर वापरू नका. थंड रिम, भरपूर पाणी आणि मऊ ब्रश पुरतो. अर्थात काळ्या रंगाची रिम घेतली असती तर हा प्रश्न कोणी विचारलाच नसता.